पाहुण्याशिवाय बातमी नाय

...पेपर बोलतात याला? आठ पानं, त्यातली सात वाढदिवसांची! गॉगल लावून हात जोडलेले सगळे! आठव्या पानावर नळाला पाणी नाय म्हणून बातमी, ती पण मागच्या महिन्यातली. साप्ताहिक ‘बारवी गर्जना’ म्हणे! आणि माझ्या बहिणीचं नाव? नाय!

तुम्हाला सांगतो, मी करण. दहावीत दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा शाळेची घंटाच पळवली म्हणून... ते सोडा. माझ्यासाठी नाय ओ भांडत, हर्षदासाठी. मोठी बहीण माझी. कुळगावच्या हॉलात एकपात्रीची स्पर्धा होती, तिथं तिने धरणात घर गेलेली म्हातारी केली. मी तर चार पोरं घेऊन मागं बसलेलो, फुल हूटिंगच्या तयारीत, वेफर फोडून... आणि ती पाण्याकडे बघून सुनेला हाक मारते ना, ‘चुलीवरचा टोप उतरवलास का गो?’... वेफर तोंडातच राहिला भाई! पहिला नंबर! महिन्याने अंबरनाथला फायनल. आणि आमचे बाबा? ‘घरात नाटकं कमी हायेत काय? पेपरात नाव आलं तर जा, नायतर नर्सिंगचा फॉर्म भर.’

मग मी गेलो शहरात, कॅम्प पाचला. पेपरचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल, त्यामागे संपादक कमळाकर काका. म्हटलं, काका, बातमी आणलीय. तर पान चघळत विचारतात, ‘पाहुणे कोण होते?’ म्हटलं, पाहुणे कुठले, नाटक होतं! ‘अरे येड्या, पाहुण्याशिवाय बातमी नाय. पाहुणा असला की तो गठ्ठाभर अंक उचलतो. तुझी बहीण उचलणार काय?’

बोला! सटकणार का नाय? पोरीने हॉल रडवला, आणि हे विचारतात नारळ कोणी फोडला! म्हटलं थांब, देतो तुला पाहुणा. तिथंच उभ्या उभ्या लिहिला... ज्येष्ठ समाजसेवक, कलातपस्वी कोंडाजीराव! ‘फोटो?’ म्हटलं, साहेब प्रसिद्धीपासून लांब असतात. काका एकदम खूश, ‘वा, असा माणूस हल्ली मिळत नाय!’

मिळेल कसा? नायच तो!

गुरुवारी अंक आला. ‘कोंडाजीरावांच्या उपस्थितीने कुळगाव भारावले!’ अर्धं पान त्याचं भाषण, ‘कलेशिवाय जीवन अपूर्ण, असे ते म्हणाले.’ अरे कधी म्हणाला? कुठल्या तोंडाने म्हणाला? आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘इतर कलाकारांनीही सहकार्य केले.’ इतर! हर्षदाचं नाव? नाय! पुढच्या अंकात तर त्याचा वाढदिवस! खाली एकवीस शुभेच्छुक! आणि आमच्या वाडीतला बुधाजी पारावर बसून सांगतो, ‘कोंडाजीराव ना? लय साधा माणूस. परवाच चहा पिला माझ्यासंगती.’

बाबांनी पेपर उलटासुलटा करून बघितला. ‘पोरीचं नाव कुठंय?’ म्हटलं, नाव नाय, पण हे साहेब तिलाच बघायला आलेले. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली ओ! ‘एवढा मोठा माणूस? त्यांनी सांगितलं तर पाठवतो.’

मग काय, मित्राचा फोन घेतला, गोठ्यामागे गेलो, तोंडावर रुमाल, आवाज जाडा केला, बाबांना लावला, ‘कोंडाजीराव बोलतोय!’ बाबा ओट्यावर चक्क उभे राहून, ‘होय साहेब... पोर हुशार हाय साहेब, मला काय माहीत नाय व्हय साहेब... घरात तालीम करते ती ऐकतो ना, तिची आजी अशीच बोलायची, अंगावर काटा येतो.’

ऐकलंत? माहीत होतं माणसाला! जन्मात पोरीला कौतुकाचा एक शब्द बोलला नाय, आणि रुमालाला सांगतो! इतकी सनक आली ना मला, बेक्कार! आणि त्यातच ते बोलले, ‘साहेब, फायनलला तुम्ही येणार ना? तुमच्या शेजारी बसून बघीन. नायतर माझी पोर पण नाय जाणार.’ आणि मी बोलून बसलो, येतो.

म्हणून तुम्हाला सांगतोय सगळं, टाइमपास म्हणून नाय. आज फायनल, बाबा बाहेर गेटवर उभे आहेत, शाल-नारळ घेऊन. हर्षदा आत, तोंडाला रंग लावून. दहा मिनिटांत कोंडाजीराव दिसले नाय तर तिला रंगासकट घरी नेतील.

काका... हो, तुम्हीच, चष्मेवाले. बसता का पहिल्या रांगेत, कोंडाजीराव म्हणून? अवघड काय नाय ओ. मान डोलवायची, शाल घ्यायची. आणि प्लीज, एवढ्या वेळेला तरी पाहुण्याने शेवटपर्यंत बसायचं.