व्याह्यांची पहिली खेप

…नाही, मला एवढंच सांगा, तळलेल्या डुकराची दोन ताटं चापून, बिअरचा अख्खा क्रेट स्वतःच्या खांद्यावर घेऊन, कोपऱ्यावरून माझ्या दारापर्यंत घोड्यासारखा धावत जो माणूस येतो, तो पडणार नाही तर काय नाचणार? पडला! माझ्या उंबऱ्यावर आडवा पडला, सगळ्या गल्लीदेखत! आणि नाव कुणाचं? उंचीचं!

तुम्हाला सांगते, साठ वर्षं मी या डोंगरावरच्या एल आल्तो शहरात राहतेय. या चार हजार मीटर उंचीने माझं काही वाकडं केलं नाही, पण खालून येणाऱ्यांना काहीही झालं की आमची उंचीच दिसते. पाहुण्याचं पोट बिघडलं, उंची. डॉक्टरला रोग कळला नाही, उंची. माझा थोरला जावई, तोही खालचाच, तीन वर्षं कामाला गेला नाही. का? तर म्हणे, "सासूबाई, इथे हवा विरळ आहे हो." हवा विरळ! घास मात्र दाट जात होते! मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पिठाच्या पोत्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, पण एवढं मला कळतं की डोंगर कुणाला ढकलायला येत नाही. माणूसच येतो पडायला.

तर हे पडले ते कोण? माझे होणारे व्याही! रोमेर त्यांचं नाव. म्हणजे होणारे की न होणारे, हाच तर त्या दिवशी प्रश्न होता. माझी नात रोसमेरी, आई-बाप शिवणकामाला ब्युनोस आयरेसला गेले आणि ही माझ्याकडे वाढली, ती तिकडे खाली सांता क्रूसला, त्या घामाच्या मुलखात, रस्त्यांची इंजिनिअर व्हायला गेली. इंजिनिअर झाली, आणि येताना हा एर्लान घेऊन आली. पोरगा वाईट नाही. हसतो फार, पण वाईट नाही. मी म्हटलं, ठीक आहे, येऊ देत त्याच्या आई-बापाला रीतसर मागणी घालायला.

रीतसर म्हणजे कसं? आमच्या घराण्यात तीन खेपा. पहिल्या खेपेला दार उघडायचंच नाही. सगळ्यांनी आत चिडीचूप बसायचं, पडद्याच्या फटीतून बघायचं, आणि बाहेर त्यांनी बिअर, फुलं, पाव घेऊन थंडीत उभं राहायचं, आणि शेवटी निघून जायचं. दुसऱ्या खेपेला खिडकीतून बोलायचं, "मुलगी लहान आहे, आळशी आहे, तिला काही येत नाही, दुसरं घर बघा." तिसऱ्या खेपेला दार उघडायचं, थोडं रडायचं, बिअर ठेवून घ्यायची आणि हो म्हणायचं. आणि हो म्हणेपर्यंत त्यांच्या तोंडात आपल्या घरचा घास पडता कामा नये! घास दिला की मुलगी दिली. माझ्या वेळी माझ्या बापाने माझ्या सासऱ्याला गारांत चार तास उभं केलं होतं. काळानिळा पडला बिचारा, पण हलला नाही. मरेपर्यंत मला म्हणायचा, "कासिमिरा, तुझ्यासाठी मी गारा खाल्ल्यात." याला मान म्हणतात! पहिल्याच खेपेला दार उघडलं तर गल्ली काय म्हणेल? "पोरगी खपत नव्हती वाटतं!"

आणि गल्ली म्हणजे कोण? समोरची फोर्तुनाता! सकाळी आठपासून स्टूल टाकून, विणकाम घेऊन बसलेली. सहा महिने तोच एक मोजा विणतेय, टाका एक, नजर दहा.

तर हे आले. बाप, आई एर्मिंदाबाई, आणि एर्लान. बाईंच्या पायात चपला! उघडी बोटं! जूनमध्ये, आमच्या ऐन हिवाळ्यात, नळातलं पाणी गोठतं तेव्हा! ठोठावलं. मी वर चौथ्या मजल्यावर पडद्यामागे, चांगली हॅट घालून, श्वास धरून. पुन्हा ठोठावलं. मी गप्प. रोसमेरी माझ्या कानात, "आजी, उघड ना."

"गप. रीत आहे."

"आजी, मी त्यांना सांगितलंय ग, पण त्यांना वाटतंय आपण त्यांना नको म्हणतोय."

"वाटू दे. तेच तर वाटायला हवं."

"हे परत गेले ना, तर मीही त्यांच्याबरोबर जाईन. बिनलग्नाची जाईन. मग बस तू आणि तुझी रीत, हॅट घालून!"

ऐकलंत? ज्या पोरीचं नाक मी पुसलं, ती! आता झाली का माझी पंचाईत? उघडलं तर पोरीचा मान जातो, नाही उघडलं तर पोरगीच जाते. मी मनात म्हटलं, दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं उभं करीन, फोर्तुनाताने नीट मोजलं की मग बघू… आणि तेवढ्यात खाली धाड! क्रेट एकीकडे, व्याही एकीकडे.

आता माणूस दारात मरत असताना खिडकीतून "मुलगी लहान आहे" म्हणू का? म्हणणार होते, खोटं कशाला बोलू, तोंडापर्यंत आलं होतं, पण एर्मिंदाबाईंनी असा हंबरडा फोडला, "रोमेर! अहो, डोळे उघडा! या लोकांनी मारलं हो तुम्हाला!" या लोकांनी! मी ठोसा मारला होता का? उघडलं दार. उघडलं! पहिल्या खेपेला!

बरं, त्याला चार जिने उचलून नेणार कोण? पहिल्या मजल्यावर माझे भाडेकरू, पितळी बँडवाले. ते तालीम टाकून धावले. दोघांनी पाय धरले, दोघांनी खांदे, आणि मोठा कर्णा वाजवणारा जो आहे ना, त्याला कर्णा ठेवायची बुद्धी होईना, तो गळ्यात कर्णा घालूनच पुढे. रस्त्यावरून काय दिसलं असेल बघा… पुढे बँड, मध्ये खांद्यावर व्याही, मागे फुलं घेतलेला नवरा मुलगा! फोर्तुनाता उभी राहून टाळ्या वाजवायला लागली! "कासिमिराबाई, एवढं स्वागत? पहिल्याच खेपेला? आमच्या वेळी हे नव्हतं हो!" मी दारातूनच ओरडले, "अगं, आजारी आहेत ते!" तर म्हणते, "हो हो, उंचीने!"

आणि डोळा मारला. नाव कुणाचं? उंचीचं!

माझ्याच पलंगावर निजवलं त्यांना. कोकाच्या पानांचा काढा दिला. काढा म्हणजे घास नव्हे, ते मी मनाशी ठरवून टाकलं. एर्लानला वाटलं बापाला बिअरचा घोट द्यावा, बाटली उघडली, आणि ती खालची बिअर, इथे आली की पिसाळते, सगळा फेस माझ्या भिंतीवर, माझ्या देवावर, माझ्या हॅटवर. त्यांनी आणलेल्या वेफर्सच्या पिशव्या फुगून टम्म झालेल्या, त्यातली एक फटकन फुटली तर व्याही अंथरुणातून किंचाळले, "गोळी घातली!" कोण घालतंय तुम्हाला गोळी? निजा!

एक दिवस निजले. दोन दिवस निजले. सांगितलं होतं, थोडं खा, हळू चाला. त्यांनी उलटंच धरलं, हळू खा आणि भरपूर खा! घास द्यायचा नाही म्हणून मी काढ्यावर काढे देत होते, पण दुसऱ्या दिवशी ते माणूस माझ्याकडे असं बघायला लागलं, खाटकाच्या दारातल्या कुत्र्यासारखं, की मीच वाटीभर सूप नेऊन ठेवलं. तोंड फिरवून ठेवलं. मी बघितलं नाही म्हणजे मी दिलं नाही. हो की नाही?

एर्मिंदाबाई मात्र लवकर उठल्या. उठल्या त्या सरळ माझ्या स्वयंपाकघरात! आमचे वाळवलेले काळे बटाटे हातात घेऊन म्हणतात, "बाई, हे सडलेत हो." सडलेत! दहिवरात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवून जे बटाटे दहा वर्षं टिकतात ते सडलेत! मग त्यांनी भात टाकला, त्यांच्या खालच्या हिशेबाने. वीस मिनिटांनी खडे. तासाने खडे. "तुमच्या पाण्याला जोर नाही," म्हणतात. मी म्हटलं, "बाई, कुकर लावा." तर कुकर लावला, माझाच कुकर, आणि मलाच सांगतात, "शिट्ट्या मोजा हं, कासिमिराबाई."

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना पलंगाभोवती बसवलं आणि सांगितलं, "हे बघा, हा पोरीच्या मानाचा प्रश्न आहे. तुम्ही बाहेर जायचं. रविवारी दहाला यायचं, मी खिडकीतून नाही म्हणणार. मग कोपऱ्यावर जाऊन बारा वाजता पुन्हा यायचं, तेव्हा मी हो म्हणणार. गल्लीदेखत." व्याही म्हणाले, "पण आम्ही तर आतच आहोत." म्हटलं, "म्हणूनच बाहेर जा!" रोसमेरी माझ्या गळ्यात पडली. पोरीला कळलं हो, आजी कुणासाठी नाटक करतेय ते.

रविवार उजाडला. फोर्तुनाता स्टुलावर. बापलेक मागच्या दाराने बाहेर पडले. एर्मिंदाबाई म्हणाल्या, "शेंगदाण्याचं सूप चुलीवर आहे, मला हलता येणार नाही, तुम्ही व्हा पुढे." मी म्हटलं, आई नाही तर नाही, बाप पुरे.

दहा वाजले. ठोठावलं. मी खिडकीत उभी, हॅट धुऊन वाळवून घातलेली, छाती भरून घेतली, फोर्तुनातालाच काय, पलीकडच्या चौकालाही ऐकू जावं असं "मुलगी लहान आहे" म्हणायला तोंड उघडलं…

आणि खालचं दार उघडलं!

एर्मिंदाबाई! चार जिने धडधड उतरून! आता बरं हलता आलं! माझा एप्रन, हातात माझा डाव, आणि भर रस्त्यात नवऱ्याला म्हणतात, "अहो, परत पडायचंय का थंडीत? या आत! आपल्याच घरात कसली टकटक? सूप झालंय!"

आपल्याच घरात!

मी तोंड उघडं ठेवूनच उभी. फोर्तुनाताने मोजा खाली ठेवला, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि विचारलं, "कासिमिराबाई, ही बाई मुलीकडची का मुलाकडची?"

बंद दारामागून नकार देता येतो, उघड्या दारातून देता येत नाही. खाली उतरले, थोडं रडले, ते मात्र खरं रडले, बिअर ठेवून घेतली आणि हो म्हटलं. रोसमेरीने भर रस्त्यात मला मिठी मारली, एर्लान हसला, बँडवाल्यांनी न सांगता वाजवलं. लग्न ऑगस्टच्या शेवटी. मान गेला, पोरगी राहिली. चला, म्हटलं, एक तरी राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी व्याह्यांना विचारलं, विमान कितीचं? तर एर्मिंदाबाई म्हणाल्या, "आम्ही विचार केला बाई, आता कुठे अंगवळणी पडलंय. खाली जाऊन लग्नाला परत वर आलो तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. यांना ही उंची मानवत नाही ना!" उंचीचं नाव! म्हणून राहिलेत. दोन महिने. तुम्हीच सांगा, पोरीने सासरी नांदायला जायचं, ते राहिलं बाजूला… इथे अख्खं सासरच माझ्याकडे नांदायला आलंय!

चला, निघते. जेवायला घरी यायची एकची वेळ सांगितली होती, उशीर झाला की विहीणबाई रागावतात.