रिकामं सोडायची परीक्षा

...आणि वरून तो कॉलेजातला बाबू मलेच म्हणते, "जागेश्वरजी, परीक्षा आधी समजून घ्यायला पाहिजे होती." अहो, मग उन्हाळाभर आम्ही दुसरं काय करून राहिलो होतो? घरात दोन माग, एकावर मी, एकावर आमची जनाबाई, मधात पोरगी पुष्पलता पुस्तक घेऊन, आणि त्या खटखटीत आम्ही तिघंही परीक्षाच समजून घेऊन राहिलो होतो!

तुम्हाला सांगतो, पोरगी मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कांनी झाली. मले वाटलं, चला, आता कॉलेज. तर नाही! सायन्सले पोरं जास्त, बाकं कमी, म्हणून यंदा कॉलेज स्वतःची वेगळी परीक्षा घेते म्हणे. मग मॅट्रिक काय होती, हळदीकुंकू?

जनाबाईनं तेव्हाच सांगून टाकलं, "एकदा बसू द्या. नाव लागलं तर शिकू दे. नाही लागलं तर उमरेडचं स्थळ थांबून आहे, मग मले अडवू नका." पोरगी हो म्हणाली. तिले डॉक्टरीण व्हायचं होतं, तिनं कशालेही हो म्हटलं असतं.

शेजारचे वामनराव दफ्तरात कारकून, ते समजावायले आले. म्हणे, उत्तर लिहायचंच नाही. चार उत्तरं छापून येतात, खऱ्यावर खूण करायची. मी म्हटलं, उत्तर त्यांच्यापाशीच आहे तर पोरीले काहून विचारून राहिले? ते म्हणे, "ऐका तर. चुकलं की मिळालेले मार्कही कापतात. येत नसेल तिथं रिकामं सोडायचं."

रिकामं सोडायचं... आमच्या घरात? लुगडं विणताना तार तुटली की माग थांबते, गाठ मारल्याशिवाय धोटा पुढे जात नाही. गांधीबागेतला शेटजी लुगडं उजेडात धरते, एक तार सुटलेली दिसली की अंगावर परत. पोरगी चालायले लागली तेव्हापासून तिच्या बोटांना हेच काम, तार तुटली की जोड. तुम्हीच सांगा, रिकामं सोडणं हे काय शिकणं झालं?

तरी शिकवलं. रोज संध्याकाळी वामनराव प्रश्न विचारायचे, आणि येत नसेल तिथं तिनं तोंड बंद ठेवायचं. जनाबाई मागावरून म्हणायची, "पोरीच्या जातीले गप बसायले शिकवायचं, त्याले मास्तर काहून पाहिजे जी? मी फुकटात शिकवलं असतं."

आणि निकाल लागला. फाटकावरची यादी मी वरून वाचली, खालून वाचली, नाव नाही. बाबूनं पेपर काढून पाहिला, चांगला माणूस होता, त्यालेही वाईट वाटलं. म्हणाला, "शेवटच्या पानावर हिनं सगळीकडे खुणा केल्या, बऱ्याच चुकल्या. तिथं न येणारं कोरं ठेवलं असतं ना, तर नाव लागलं असतं."

कोरं ठेवलं असतं तर! तुम्हीच सांगा, रिकामं सोडणं हे काय शिकणं झालं?

घरी येताना मी विचारलं, "काहून वं, विसरली काय?" म्हणाली, "नाही बाबा, ध्यानात होतं. पण घंटी व्हायले आली, आणि मध्येमध्ये सुटलेलं ते पान असं दिसे... हात राहेना."

घरी येऊन मी आमच्याच मागावरची तुटकी तार जोडायले बसलो. पुढच्या वर्षीचं तोंडातून काढलं, तर जनाबाई म्हणाली, "एकदा म्हणजे एकदा."

उमरेडचे नत्थूजी आणि त्यांची गोदूबाई, पोराचे मायबाप, पोरगी पाहायले आले. गोदूबाईनं विचारलं, सैपाक येते? येते. विणणं? येते. मग म्हणाली, "कॉलेजात जायचं होतं म्हणे तुले. आता त्याचं काही मनात नाही ना?"

पोरगी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. हो नाही, नाही नाही. मी वाट पाहिली, आता बोलंन, आता बोलंन...

गोदूबाई खूश. नत्थूजीले म्हणे, "पोरगी कमी बोलते जी. आपल्याले अशीच पाहिजे."

ते गेल्यावर मी पोरीले म्हटलं, "एक शब्द तरी बोलायचा होता वं." ती कपबशा उचलत म्हणाली, "चुकलं की कापतात ना, बाबा. सोडून दिलं."

तर मंडळी, पोरगी पास झाली. पहिल्या फटक्यात. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली आहे, सगळ्यांनी यायचं.