गोदूबाईंच्या बोटीचं बूच

नाव लडकू काळूराम मढवी, वय ५८ वर्षे, धंदा बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती, राहणार कशेळी, ता. भिवंडी, जि. ठाणे.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी सरू हिच्यासह राहतो. आमच्याच गावच्या गोदू तरे, वय ४६, यांची मासेमारीची बोट आहे. त्यांचे पती वारल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, त्या बोटीचे सगळे काम मीच करीत आलो. दुसऱ्या कोणाचा पाना तिला लागला नाही.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटीत, बोट खाडीकाठच्या चिखलात टेकलेली दिसली. पूर्णा गावचा हितेश केणे, वय अंदाजे ३०, तिचे सुकाणू उतरवीत होता. बेअरिंग झिजून पंखा फिरवणारा शाफ्ट खडखडतो, हे मला महिनाभर ऐकू येत होते. बोलावणे येईल म्हणून मी घण, छिन्नी काढून ठेवली होती. मी गोदूबाईंना विचारले, "मी काय मेलो?" त्या म्हणाल्या, "तसं न्हाय, दादा. त्याच्याकडं पुलर हाय, लवकर व्हतं."

हितेशने पंखा काढला, कपलिंग सोडले आणि पुलर लावून शाफ्ट बाहेर ओढला. अर्धा तास. मला अर्धा दिवस लागतो. शाफ्ट निघाला की त्याच्या नळीचे भोक उघडे पडते. भरतीचे पाणी आत शिरू नये म्हणून बाहेरून लाकडी बूच ठोकतात. तेही त्याने ग्रीसचे फडके गुंडाळून नीट ठोकले. मग गोदूबाईंनी त्याला घरी नेऊन जेवू घातले. मला अकरा वर्षांत काठावर चहा मिळाला. माझ्या पोटात दुखले, हे लिहून घ्या साहेब. फार दुखले.

जेवून हितेश शाफ्ट घेऊन भिवंडीला लेथवाल्याकडे गेला. दुपारी दोनला मी बोटीखाली गेलो. फक्त काम बघायला. नळीवर छिन्नीचा एक ओरखडा नव्हता. एक तरी असायला हवा होता. चूक सापडली असती तर गावभर सांगून मी घरी झोपलो असतो. सापडली नाही, म्हणून मी बूच काढून खाडीत फेकले.

चारनंतर पाणी चढले. मी ओट्यावरून बघत होतो. बोट तरंगलीच नाही, इंजिन बुडाले. गोदूबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून बादलीने उपसत होत्या. तेव्हाही मी उठलो नाही.

गोदूबाईंनी हितेशविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार दिली. त्याला रोज पोलीस ठाण्यात बोलावत होते. त्याचे मला वाईट वाटले नाही, खोटे कशाला बोलू. आज सकाळी हवालदारांनी माझ्यासमोर गोदूबाईंना विचारले की, बूच या लडकूने तर काढले नसेल? त्या हसल्या. म्हणाल्या, "त्याच्या हातात आता कुठं जोर ऱ्हायलाय? हितेशनं ठोकलेलं बूच त्याच्यानं हलायचं पन न्हाय."

तरी मी सांगतो की, ते बूच मीच काढले. कोणाची मदत न घेता, पाना न लावता, एका हाताने.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखविला. "एका हाताने" हे शब्द लिहायचे राहिले होते, ते मी घालून घेतले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.