मखरातली मालगाडी

कमळा : अवो, पुरे आता. उद्या गणपती बसणार अन् तुम्ही अजून डिंकात बरबटलेले!

दौलत : डिंक न्हाय, किटबरोबर आलेला गम हाय. चाकं फिरत न्हाईत, कमळे. गम आत गेला बहुतेक.

कमळा : गेल्या विसर्जनापासून मालगाडीचा एक डबा जोडताव. तेवढ्यात खरी मालगाडी दिल्लीला जाऊन आली असती.

दौलत : सुटे भाग बारीक हायेत. दार उलटं लागलंय का बघ. मला सरळ दिसतं, पण माझ्या दिसण्याचा भरवसा न्हाय.

कमळा : उलटंच हाय. म्हणून हा आणलाय. बघा.

दौलत : तयार डबा? कुठनं?

कमळा : आपल्या शेतातनं.

दौलत : शेतात गोडाऊन हाय.

कमळा : मग त्यातनंच. आधी भात निघायचं, आता खोकी निघतात. आपल्या जमिनीतला म्हंजे घरचाच की! कोणी विचारलं तर तसं सांगा.

दौलत : मखरांच्या स्पर्धेत घरी बनवलेलंच चालतं. मंडळाच्या मीटिंगीत मी सगळ्यांसमोर बोललोय, यंदा देखावा माझ्या हातचा.

कमळा : गेल्या साली पहिला नंबर आलेलं मखर ठाण्याच्या कंत्राटदारानं उभं केलेलं. मालक फक्त फोटोला आलेला.

दौलत : कमळे, शेत गेल्यापासून या हातांनी काय केलं, सांग.

कमळा : ...सह्या.

दौलत : म्हणून बोललो. माझाच लाव.

कमळा : दोन्ही लावते. तुमचा मागं, समईच्या आड. अगोबाई, केसरीनाथ भावोजी! परीक्षकच आले की दारात.

केसरीनाथ : उद्या पंधरा घरं फिरायचीयत वयनी, म्हटलं दादाकडे आज झलक बघावी. अरे, क्या बात है! काय फिनिशिंग! दादा, हा डबा तू केलास?

दौलत : न्हाय, तो...

कमळा : वर्षभर बसलेले, भावोजी. जेवायला उठत नव्हते.

केसरीनाथ : नंबर पक्का समज. अख्ख्या राहनाळात हातानं करणारा तू एकटाच उरलास. आणि हा मागचा, उलट्या दाराचा? हा रेडीमेड ना?

दौलत : कशावरनं?

केसरीनाथ : दिसतंय ना! बाजारचा माल असाच, कुणाचा जीव नसतो त्यात. चाकंसुद्धा जाम. कुणी गळ्यात मारला?

दौलत : हाय एक ओळखीचा.

केसरीनाथ : परत दे त्याला. चांगला झाड त्याला.

दौलत : जाऊ दे. त्याला जमलं तसं केलंय त्यानं.

कमळा : सरका जरा, भावोजी. तो पुढं घेते.

केसरीनाथ : हा? वयनी, नंबर जाईल. चाकं फिरत नाहीत त्याची!

कमळा : त्याला कुठं जायचंय, भावोजी?