सातवं कपाळ

— त्या स्टुलावर नको बसू, त्याचा एक पाय डगमगते, इकडं सरक. हां. जयभीम पोहोचला, आता बाकीचं सांग. तू रामाजीची पुष्पलता, हे मले दारातच समजलं, नाक सप्पा बापाचं उचललं तू. अन् गळ्यात काय हे? शिट्टी? तुले शिट्टी कोन देल्ली वं? पंच झाली? कबड्डीची? परीक्षा देऊन — आता पंचाचीबी परीक्षा असते म्हन. चढाई म्हंजे काय, पाच मार्क. पकड म्हंजे काय, पाच मार्क. आमच्या येळी ज्याले दोन्हीकडचे लोक भेत होते तो पंच, बस, झाली परीक्षा. शाळेत पीटी शिकवते ते ठीक आहे, पोरीयले कवायत करव, लेझीम शिकव. पन शिट्टी फुंकून दहा पोट्ट्यायचं भांडन मिटवनं म्हंजे काही शाळेची घंटा वाजवनं नाही. बरं, राहू दे, रागावू नको. कौसल्या, रामाजीची पोरगी आली वं, चहा मांड. माही बायको, चहा चांगला करते.

हे पाह्य, उद्याचं बोलावनं घेऊन आली असशीन तं कबड्डी मंडळाचे लोक कालच येऊन गेले. पंचवीस वर्सं झाली म्हने मंडळाले. सक्करदऱ्याच्या मैदानावर मांडव टाकून राहिले, मले शाल देनार आहेत, नारळ देनार आहेत — कप्तान होतो ना मी, मिलच्या टीमचा. कोन देनार? ते पोट्टे, ज्यायले तीस सेकंद दम धरता येत नाही, पन खुर्ची धरता येते. रबरी बूट घालून कबड्डी खेळतात. मातीले पाय लागला तं घरी जाऊन धुतात. मीनं म्हनलं, देता तं द्या, शालीनं काही माहं वजन वाढत नाही. त्याच्यासाठी नाही आली? मंग कायले आली?

खेळ कोन्ता ठरला होता? त्रेसष्टच्या फायनलले? सोळा वर्सं झाली वं त्याले. एवढं विचाराले तू सायकल मारत आली? पहिले तुले खेळ किती ते तं माहीत आहे काय — नाही, नाही, पुस्तकातलं नको सांगू, मी सांगतो ते आयक. तुमी आता खेळता ती संजीवनी. आपला गडी बाद झाला, बाहेर जाऊन बसला, अन् आपल्याच दुसऱ्यानं तिकडचा एक मारला का हा उठला, चालला आत. बसाची जागा गरम होत नाही तं मानूस परत जिता. हे काय मरन आहे? हे जावयाचं रुसनं आहे — दारापर्यंत जाचं, कोनी हात धरला का परत पाटावर येऊन बसाचं. अन् दुसरी अमर. ते तं त्याच्याहून बेकार. बाद झाला तरी बाहेर जाचंच नाही, तिकडच्यायनं कागदावर एक गुन लिहून घ्याचा, अन् हा उभा आपला मांडीवर थापा मारत. लाज वाटली पाहिजे बाद झाल्याची, ते नाही. तिसरी गामिनी. तो खेळ होता. बाद झाला म्हंजे झाला. तू तिकडचे पाच मार नाही तं सहा मार, गेलेला गडी आत येत नाही. सातही पडले का मंग लोन चढला, मंग सप्पे उठून नव्यानं उभे. तोपर्यंत बाहेर बसून आपल्याच मानसायले मार खाताना पाहाचं, अन् हात हालवाचा नाही. त्याले छाती लागते. तुह्या शाळेतल्या पोरी रडतीन.

सांगतो ना, त्याच्यावरच येऊन राहिलो. फायनलले समोर खाप्याची टीम. सारे विनकर, हातमागावर बसून बसून बोटं अशी झालेली का घोटा धरला तं सुटत नसे. त्यायचा कप्तान धोंडबा. त्या टुर्नामेंटची रीत अशी होती का नानं उडवून जो जिकला त्यानं बाजू घ्याची, अन् जो हारला त्यानं खेळ सांगाचा. नानं मी जिकलो. तळ्याकडची बाजू घेतली, म्हंजे ऊन त्यायच्या डोळ्यात. तं धोंडबा माह्या कानाशी येऊन म्हने, गामिनी. आमी मिलवाले सालभर संजीवनी खेळलेलो. पन मी काय नाही म्हनतो? मीनं म्हनलं, गामिनी तं गामिनी. झालं, भेटलं उत्तर? लिहून घे, पाच मार्क.

अन् तुमच्यासारखं भोंग्यावर सांगनं नव्हतं तेव्हा. मोठ्यानं खेळाचं नाव घेनं अपशकुन मानत. पंच तोंड उघडत नसे, ते कप्तानाचं काम. मधल्या रेघेवरची माती चिमटीत घ्याची, पहिले आपल्या कपाळाले लावाची, मंग एकेका गड्यापाशी जाचं, त्याच्या कपाळाले लावाची अन् कानात सांगाचं — गामिनी. माती लागली का समजाचं, याले खेळ माहीत आहे. अशी शिस्त होती. आता पोट्टे कपाळाले कंगवा लावतात. मीनं एकेकाले लावली, सहाच्या सहा कपाळं — सात. सात म्हनलो मी. माहं धरून सात. तू मधात टोकू नको वं, मोजन्यात गडबड होते. पंच झाली म्हनून काय माह्यावर शिट्टी फुंकशीन?

मंग काय झालं ते साऱ्या नागपूरले माहीत आहे. पाचव्या मिनिटाले तुहा बाप बाद झाला. आमच्यातला पहिला तोच. धोंडबानं त्याचा घोटा धरला, बाकीचे वरून पडले. बाहेर जाऊन बसला. त्याच्या मांगून मी चढाईले गेलो अन् कोपऱ्यातला एक मारून आलो — अन् हा बह्याड उठला का नाही, टनकन उडी मारून आत. गामिनीत. मेलेला गडी मैदानात उभा, दोन्ही हात पसरून, हासून राहिला माह्याकडं पाहून. का लहानू, तू मारला अन् मी जिता झालो. पंचानं शिट्टी फुंकली, खाप्याचे लोक मैदानात धावले, अन् रामाजी साऱ्यायकडं टकामका पाहून राहिला, त्याले समजेच ना काय चुकलं. त्याले बाहेर काढलं पूर्न फायनलसाठी. सहा जनांनी खेळलो, हारलो. पब्लिकमधून कोन्या तरी टारगटानं आवाज देल्ला, भूत, भूत आलं. तेच नाव पडलं. भूत रामाजी. आता पोट्ट्यायच्या तोंडाले मी हात लावू काय?

विकला गेला असं मी नाही म्हनलो. लोक म्हनत. तुह्या मायचं माहेर खाप्याचं, जिजाबाई तिथलीच, तं लोकायले एवढं पुरते. सासरवाडीले आंदन देल्लं म्हने फायनल. पहिले कोन म्हनलं? आता सोळा वर्सानं हे कोन सांगनार? मिलचा वीव्हिंग मास्तर, टीम त्याच्याच हाती, लालबुंद होऊन विचारत होता, अरे तुह्या मानसानं असं काहून केलं, तं कप्तानानं काही तरी सांगाच लागते. माह्या तोंडातून गेलं असंन. साहेब, त्याची सासरवाडी आहे ना खाप्याले. बस, एवढं. मशकरीत. मास्तरनं धरून ठेवलं त्याले मी काय करू? दोघंही बदली कामगार होतो आमी, सकाळी गेटवर उभं राहाचं, कोनाचा खाडा पडला तं काम. त्या साली एक जागा परमनंट होनार होती, खेळाडूले. ती मले भेटली. मंग जॉबर झालो, खात्यातल्या कामगारायवरचा मुकादम. पन माह्या कामावर झालो वं, काही शालीवर नाही.

काय सांगते? जिजाबाई तेव्हापासून माहेरी गेली नाही? एकदाही? तिची माय मेली तेव्हाबी? तुह्या बापानं जाऊ देल्लं नाही — हे पाह्य, खाई त्याले खवखवे, मनात काही नसतं तं कायले अडवली बायकोले? लोक पाहतीन, बोट दाखवतीन, म्हून. म्हंजे लोकायले भेला. एवढा चढाईचा गडी, खाप्याच्या एसटीले भेला. हासूच येते मले. रिक्षा ओढली सोळा वर्सं, अन् आता छातीत कफ, धाप लागते, असं आयकलं मी. गाडग्यासारखी छाती होती त्याची. मी आलो नाही पाहाले, खरं आहे. येळ कुठं असते, मिलची पाळी, समाजाची कामं.

अच्छा, तं हे आहे. उद्या मीनं शाल घेतल्यावर माइकवर एक वाक्य बोलाचं. रामाजीचा दोष नव्हता, एवढंच. म्हंजे मंग तो मांडवात येऊन बसंन, अन् जिजाबाई खाप्याले जाईन. अवं, पन दोष नव्हता तं कोनाचा होता, असं विचारतीन ना लोक. पंचवीस वर्सांच्या कार्यक्रमात हे उकरून काढाचं? त्यालेच विचार जाऊन. तुह्या बापालेच विचार ना, कपाळाले माती लागली होती का नाही. तो सांगंन.

काय म्हनला?

पुन्हा सांग. "लहानूनं सांगतलं असंन, मीच इसरलो." सोळा वर्सं असंच म्हनते? घरात? तुह्या मायलेबी असंच? इतका मूर्ख मानूस मीनं पाहिला नाही. इसरला म्हने. त्याले पाच वर्सांआधीची चढाई पायासकट आठवत होती — कोन्ता पाय पुढं, कोनाचा हात कुठं. तो इसरंन? कपाळाले हात लावून नाही पाहिला काय त्यानं? माती असते तं हाताले लागते ना. अन् त्याले वाटत असंन, घामानं गेली. हाव, तेच वाटत असंन. लहानू लावल्याशिवाय राहीन कसा, घामानंच गेली असंन. छप्पन साली पांढरे कपडे घालून एका रांगेत उभे होतो आमी दोघं, माह्या सदऱ्याले गुंडी नव्हती, त्यानं आपली काढून देल्ली — असा मानूस. याले काय करावं?

होती माती. माह्या चिमटीतच होती. सहा झाले, हा शेवटचा, तो वाकला होता माह्यापुढं कपाळ करून. अन् तिकून मास्तरनं आवाज देल्ला, रामाजी, इकडं ये. मले नाही, त्याले. खुर्चीजवळ नेऊन पाठीवर थाप मारली, काय म्हनलं ते मले आयकू आलं — पुढच्या साली कप्तान तू. परत आला तो हासत, पुन्हा वाकला. मीनं हात चड्डीले पुसला. त्याच्या खांद्यावर थापटी मारली अन् म्हनलं, चाल, उभा राह्य. एवढंच केलं. काही मारलं नाही, काही विकलं नाही. मले वाटलं, याले कायले सांगाचं, खेळता खेळता समजंन, एखाद्या येळी फजिती होईन, लोक हासतीन, संध्याकाळी मीबी हासीन त्याच्यासंगं. मले काय माहीत पहिला बाद तोच होईन. बाद झाल्यावर तं ओरडून सांगता येत होतं, हे मलेही समजते वं, तू नको सांगू. चढाईले जाताना पाहिलं मीनं त्याच्याकडं. तो उठाच्या तयारीतच बसला होता, एक गुडघा वर. मीनं पाहिलं अन् गेलो.

 भेटलं ना? अन् आयक, हे उद्या माइकवर मी बोलनार नाही. तू सांगशीन तं मी नाही म्हनीन, तुह्यावर कोनी विश्वास ठेवनार नाही, माह्याजवळ शाल राहीन अन् तुह्याजवळ शिट्टी. तुह्या बापालेही सांगू नको. हे मी हात जोडून सांगतो, हे मातर आयक. त्याले समजलं तं तो रागावनार नाही, त्याले रागावता येतच नाही, धापा टाकत इथपर्यंत येईन अन् म्हनंन, जाऊ दे लहानू. ते मले नाही आयकनं होनार. सोळा वर्सं मीनं त्याच्या गल्लीतून जानं टाकलं ते कशासाठी? त्याले लाज वाटंन म्हनून नाही वं. मले वाटते.

जा आता. चहा राहू दे, घरी पे. सायकल नीट घेऊन जा, नाल्याजवळ रस्ता खोदून ठेवला आहे. बसून काय राहिली, जा म्हनलं ना.

अन् तू काहून इथं आली, चहा कुठं आहे? कौसल्या? कधीपासून उभी होती तू दाराआड? पदर काहून घेऊन राहिली, चपला काहून घालून राहिली? तिच्यासंगं कुठं निघाली तू? रामाजीच्या घरी जाचं काही काम नाही, मी सांगतो ना, काही काम नाही. ये पोरी, तिले नको बसवू सायकलवर. कौसल्या. अवं मी तुह्याशी बोलून राहिलो. कौसल्या —