चार वाजताचं गाणं

(चेन्नई, तांबरम. बंगल्याचं स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत गायिका-अभिनेत्री विद्युलता यांचं पार्थिव. गेटबाहेर गर्दी.)

कौमुदी : बाबा, टीव्हीवर आईची बातमी आलीसुद्धा. अर्ध्या तासात रस्ता भरला. लोक तुम्हाला विचारतायत, आणि तुम्ही इथं?

विजयकुमार : दार लाव आधी.

कौमुदी : लावलं. हात किती गार पडलेत. बीपीची गोळी घेतली?

विजयकुमार : घेतली. तुझ्या आईच्या रियाजाच्या कॅसेटी आठवतात?

कौमुदी : माडीवरच्या? रोज तुम्ही भरायचात आणि ऐकताना ती स्वतःलाच शिव्या घालायची.

विजयकुमार : मलाही. बटण उशिरा दाबलं म्हणून. रेल्वेत चाळीस वर्षांत लेट मार्क नाही, घरात रोज.

कौमुदी : आत्ता त्यांचं काय?

विजयकुमार : बुरशी लागली होती. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला उपेंद्र म्हणाला, अंकल, साफ करून कॉम्प्युटरवर घेतो. मी दिल्या. सगळ्या.

कौमुदी : आई रियाजाला कुणाला दारातसुद्धा उभं करायची नाही. आंघोळ आहे ती, म्हणायची.

विजयकुमार : माहीत आहे. सहीसुद्धा केली मी. इंग्रजीत चार पानं होती. मला वाटलं, पोचपावती.

कौमुदी : अय्यो, बाबा.

विजयकुमार : तिच्या शेवटच्या पिक्चरमधलं एक गाणं राहिलं होतं ना? ते त्या कंपनीनं पुरं केलं. कॅसेटींवरून मशीनला तिचा आवाज शिकवून. चार वाजता तिला नेताना गाडीवरच्या स्पीकरमधून लावणार आहेत. सकाळी मला फोनवर पाठवलं.

कौमुदी : ऐकलंत?

विजयकुमार : तिच्या उशाशी बसलो होतो. गाणं सुरू झालं आणि मी तिच्या ओठांकडे बघितलं.

कौमुदी : बाबा...

विजयकुमार : मला फरक कळला नाही गं. गाडीमागून चालताना ते लागलं तर? मी गाडी थांबवीन. म्हणेन, उतरवा तिला, गातेय ती.

कौमुदी : बसा. मी फोन लावते. हलो, उपेंद्र? कौमुदी बोलतेय. ते गाणं लावायचं नाही. नाही. तुमची तयारी झाली असेल, तरी नाही. बरं. देते.

विजयकुमार : काय म्हणतो?

कौमुदी : परवानगी मागं घेतल्याचं लेखी हवं. तीनच्या आत.

विजयकुमार : आणि बाहेरची माणसं? त्यांना तिचं गाणं हवंच असणार.

कौमुदी : गेटपाशी चार आजीबाया तिचं पहिलं गाणं म्हणतायत. सूर धड एकीलाही सापडत नाहीये. कुणी तक्रार केली नाही अजून. थांबा, लिहू दे.

विजयकुमार : इंग्रजीत लिहितेस?

कौमुदी : हो, पण मराठीत सांगते. गाणं आज लावायचं नाही, पुढंही कधी नाही. तिच्या आवाजात नवं काही करायचं नाही. कॅसेटी परत द्या. बस्स. इथं सही करा.

विजयकुमार : करतो. आधी पुढच्या खोलीत तिच्यापाशी जाऊन येतो. कॅसेटी दिल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही.