वादळ्या की भूकंपराव

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. तिने म्हाताऱ्या वडिलांना बाकावर टेकवलं आणि त्यांच्या हयातीच्या दाखल्याचा अर्ज आत सरकवला. आत दोन पन्नाशीचे कारकून कॉमिक्सवरून हमरीतुमरीवर आले होते. टकलूचा वादळ्या, चष्मेवाल्याचा भूकंपराव. शिक्का चष्मेवाल्याच्या हातात होता.

“वादळ्या एका फुंकरीत त्याला उडवेल.”

“उडवायला तो काय पतंग आहे? भूकंपरावाने नुसता पाय आपटला तरी डोंगर दुभंगतो.”

“वादळ्या खाली उतरेल तेव्हा ना.”

“कधीतरी दमेलच की.”

“तो दमत नाही. सत्ताविसावा अंक वाच आणि मग बोल.”

“अहो, तेवढा शिक्का मारता का? आज शेवटची तारीख आहे.”

“बाई, जरा दम धरा. हे बघ, उतरला असं धरू. भूकंपराव ठोसा मारणार. असा.”

शिक्का टेबलावर दाणकन आदळला.

“हुकला. वादळ्या बाजूला सरकला.”

“मग हा दुसरा. हा तिसरा.”

“साहेब, मारताच आहात तर एक या कागदावर मारा. वडील समोरच बसलेत, बघा.”

चष्मेवाल्याने घड्याळ बघितलं, शिक्का खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

“वेळ संपली. सोमवारी या.”

“सोमवारी मुदत गेलेली असेल हो.”

“त्याला आम्ही काय करणार, बाई? आमच्या हातात काय असतं?”